राजवाड्यातील शाळा आणि गोणपाटाचा तुकडा

दरवर्षी ७ नोव्हेंबर उजाडला की आंबेडकरी समाजाची पावले साताऱ्याच्या राजवाड्याकडे वळतात. सन १९०० च्या याच दिवशी सुभेदार रामजी सकपाळांचा नऊ वर्षांचा मुलगा भिवा साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे त्याचे नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. पुढे याच भिवाने देशाची राज्यघटना लिहिली. महाराष्ट्र सरकारला या दिवसाचे महत्त्व कळायला मात्र ११७ वर्षे लागली. २०१७ साली सरकारने ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यभर 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय कोणी कृपा म्हणून दिलेला नाही. समाजातील कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली, हा दिवस स्वतः साजरा करून दाखवला, तेव्हा कुठे तो मिळाला.

त्या दिवशी रजिस्टरातील त्या ओळीपुढे प्रत्येक जण नतमस्तक होतो. ते योग्यच आहे. पण ज्या वास्तूत हा इतिहास घडला त्या वास्तूकडे आपण कधी डोळसपणे पाहतो काय? ती कोणी बांधली, कशासाठी बांधली, तिथे शाळा कशी आली आणि त्या शाळेत आमच्या बापाला बसायला कोणती जागा मिळाली, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? दगड आणि लाकूडही इतिहास सांगतात. मात्र तो वाचायला कोणाच्या डोळ्यांनी बघायचे, हे आधी ठरवावे लागते. आम्ही तो बाबासाहेबांच्या डोळ्यांनी वाचणार आहोत.

आज जिला आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो ती शाळा साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यातील. हा राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ च्या सुमारास बांधला. प्रतापसिंह कोण, हे चळवळीच्या वाचकाने नीट समजून घेतले पाहिजे. पेशवाईत छत्रपती हे नावाचेच राजे होते. साताऱ्याच्या गादीवर बसायचे आणि पेशव्याच्या नजरकैदेत राहायचे, एवढेच त्यांच्या नशिबी होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा येथे महार सैनिकांनी मर्दुमकी गाजवली, पुढच्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत पेशव्यांची फौज उधळली गेली, आणि पेशव्याने सोबत फरफटत नेलेले प्रतापसिंह तेव्हाच त्याच्या तावडीतून सुटले. इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. पेशव्याच्या कैदेतून छत्रपतीची सुटका ज्या युद्धाने केली, त्या युद्धात आमच्या पूर्वजांचे रक्त सांडले आहे. हे क्रमिक पुस्तकात सापडत नाही, म्हणून ते येथे सांगावे लागते.

प्रतापसिंह कर्तबगार राजे होते. त्यांनी सातारा शहर नव्याने वसवले, रस्ते काढले, पाण्याची सोय केली. पण त्यांनाही ब्राह्मणी व्यवस्थेने सुखाने राज्य करू दिले नाही. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, सबब शिवछत्रपतींच्या वंशजालाही वेदोक्ताचा अधिकार नाही, असे म्हणणारे त्यांच्याच दरबाराच्या आसपास होते. त्यांच्याविरुद्ध कारस्थाने झाली, खोटेनाटे कागद उभे राहिले आणि १८३९ साली कंपनी सरकारने त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. १८४७ साली तिथेच त्यांचे निधन झाले. रंगो बापूजींनी त्यांची बाजू मांडायला थेट लंडन गाठले होते, पण न्याय मिळाला नाही. दुसऱ्याच वर्षी, १८४८ मध्ये, डलहौसीने सातारचे राज्य खालसा करून टाकले.

म्हणजे हा राजवाडा ज्याने बांधला, त्यालाही चातुर्वर्ण्याने शूद्र ठरवण्याचा प्रयत्न केला. साताऱ्याच्या छत्रपतीला जे भोगावे लागले तेच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांना भोगावे लागले. बाल भिवा साताऱ्याच्या शाळेत पाऊल ठेवत होता त्याच काळात कोल्हापुरात वेदोक्ताचे प्रकरण पेटलेले होते. फरक एवढाच, की शाहू महाराज त्या अपमानातून शिकले. आपल्याला जो अपमान सोसावा लागतो त्याच्या कितीतरी पट अपमान आपल्या राज्यातील अस्पृश्य सोसतो, हे त्यांना दिसले आणि १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. वरून लाथ बसली म्हणून खालच्याला लाथ मारायची, हा जातिव्यवस्थेचा कायदा. बाबासाहेबांनी त्यालाच श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तो कायदा मोडणारा राजा विरळा.

आता वास्तूकडे वळू. जुना मराठी वाडा ज्याने आतून पाहिला आहे त्याला एक गोष्ट लगेच कळेल. वाड्याच्या बांधणीत माणसांचीही मांडणी केलेली असते. आधी भक्कम दरवाजा, त्याला छोटी दिंडी. आत देवडी, तिथे पहारेकरी. मग चौक. चौकाच्या भोवती सोपे आणि ओसऱ्या. दगडी जोत्यावर उभे राहिलेले सागवानी खांब, वर तुळया आणि कडीपाट. पुढे बैठकीचा दिवाणखाना, त्याहून आत माजघर, आणि सर्वांत आत देवघर, जिथे सोवळ्याशिवाय प्रवेश नाही. प्रत्येक उंबरठा हा एक प्रश्न असतो: तुझी जात कोणती? कोणी देवडीपर्यंत यायचे, कोणी चौकात उभे राहायचे, कोणी सोप्यावर टेकायचे, कोणी बैठकीवर बसायचे, हे सारे ठरलेले. त्यासाठी पाटी लावावी लागत नव्हती. जोत्याची उंचीच ते सांगत होती.

आणि महाराची जागा? ती या नकाशातच नाही. ती दरवाजाच्या बाहेर. वाड्याला लाकूडफाटा पुरवायचा महाराने, रातपहारा करायचा महाराने, सरकारी टपाल आणि खजिना गावोगाव न्यायचा महाराने, आणि हे सगळे करून दाराबाहेर वाकून जोहार घालायचा तोही महारानेच. ज्या लाकडाच्या खांबांवर वाडे उभे राहिले ते रानातून कोणी ओढून आणले, ज्या दगडांचे जोते झाले ते खाणीतून कोणी फोडले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात लिहिलेला नाही. बांधणारे हात बाहेर आणि बसणारे आत, हीच आपल्या देशातल्या थोर वास्तुकलेची रीत आहे. पर्यटकाला कोरीव काम दाखवणारा वाटाड्या ही गोष्ट सांगत नाही.

अशा वास्तूच्या वाट्याला शाळा आली. राज्य खालसा झाल्यानंतर तीन वर्षांनी, १८५१ साली, साताऱ्यात सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाली. तीच पुढे साताऱ्याचे सरकारी हायस्कूल झाली. शंभर वर्षे झाल्यावर, १९५१ साली, तिला छत्रपती प्रतापसिंहांचे नाव देण्यात आले. ज्या वाड्यात राजाची वस्ती होती तिथे पोरांची घोकंपट्टी सुरू झाली. वरवर पाहता ही फार मोठी क्रांती वाटते. राजा गेला, राजवाडा प्रजेच्या मुलांना मिळाला. सरकारी शाळा म्हणजे सर्वांची शाळा. पण खरोखरच ती सर्वांची होती काय?

याचे उत्तर धारवाडला मिळते. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. १८५६ साली तेथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. शाळेने दार लावून घेतले. मुलाने हार न मानता मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारने उत्तर काय द्यावे? न्याय तुझ्या बाजूने आहे हे मान्य, पण एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल, तेव्हा आम्ही हात घालू शकत नाही! कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हे पटले नाही, आणि विलायतेहून कंपनीच्या संचालकांनी १८५८ साली स्पष्ट केले की सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. धारवाडच्या त्या मुलाचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. पण बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढे १९२८ साली अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडताना बाबासाहेबांनी त्याची हकिकत नोंदवून ठेवली. बाबासाहेब आपल्या आधी लढलेल्यांना विसरत नव्हते, हेही यातून शिकण्यासारखे आहे.

म्हणजे १८५८ पासून सरकारी शाळेचे दार कायद्याने उघडे होते. कागदावरचे दार आणि लाकडाचे दार यांत मात्र अंतर होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी तेच सांगितले. कष्टकरी रयतेच्या पैशावर शाळा-कॉलेजे चालतात आणि फायदा मूठभर वरच्या जाती उपटतात, महार-मांगांच्या पोरांना तर वर्गात बसूच दिले जात नाही, हे त्यांचे म्हणणे होते. फुल्यांचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातले. क्रांतिज्योती सावित्रीबाईंचे नायगावही याच जिल्ह्यातले. हे दांपत्य १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढत होते, त्याच वर्षी सातारचे राज्य खालसा होत होते. राज्ये बुडत होती आणि शाळा उघडत होत्या. खरा इतिहास त्या शाळांमध्ये घडत होता.

रामजी सुभेदारांना हे कळलेले होते. ते स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, कबीरपंथी, निर्व्यसनी, मुलांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारे. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या पलटणीत महारांना शिक्षण मिळाले, घरातल्या बायामुलींनाही अक्षरओळख झाली. पण १८९० च्या दशकात सरकारने महारांची लष्करभरतीच बंद करून टाकली. ज्या एका दाराने आमचा समाज उजेडात येत होता ते दार बंद झाले. उरले दुसरे दार, शाळेचे. म्हणून निवृत्तीनंतर साताऱ्यात आलेल्या रामजींनी पत्नी भीमाबाईंच्या निधनाचे दुःख गिळले, रोखपालाची नोकरी धरून गोरेगावला मुक्काम ठोकला, आणि पोरांना साताऱ्यात शाळेत ठेवले. भीमाबाईंची समाधी साताऱ्यातच आहे. शाळा पाहायला जाणाऱ्याने तिथेही माथा टेकवावा. आईविना वाढणाऱ्या, आत्याच्या हाताखाली राहणाऱ्या पोराने रोज पाटी-दप्तर घेऊन राजवाड्याची वाट चालायची, हे त्या घराचे रोजचे जगणे होते.

आणि त्या पोराच्या हातात पाटी-दप्तराशिवाय आणखी एक वस्तू होती, गोणपाटाचा तुकडा.

त्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वर्गात इतर मुलांच्या रांगेत, हुशारीप्रमाणे मिळणाऱ्या जागेवर त्यांना बसता येत नव्हते. कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला स्वतःचे तरट घरून आणायचे आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते गुंडाळून परत घरी न्यायचे. का? तर शाळा झाडणारा गडी त्या तरटाला शिवणार नाही म्हणून! बांधवांनो, थोडे थांबून याचा विचार करा. राजवाड्याची जमीन सरकारच्या मालकीची, शाळा सरकारच्या खर्चाची, मास्तर सरकारच्या पगाराचे. इतक्या मोठ्या वास्तूत नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाच्या वाट्याला इतकीच जागा आली, जितकी एका तरटाखाली झाकली जाते. तीही कायमची नाही. रोज आणायची, रोज न्यायची. शाळेत दाखल होऊनही तो मुलगा रोज संध्याकाळी आपली जागा काखेत मारून घरी जात होता.

पाण्याची कथाही तशीच. तहान लागली तर इतर मुले मास्तरांची परवानगी घेऊन नळावर जाऊन पाणी पीत. भिवाला केवळ परवानगी पुरत नव्हती. नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई हजर नसला तर तहानलेलेच राहायचे. साताऱ्याच्या लोकांना ठाऊक आहे की ब्रिटिश काळात शहराला पाणी पुरवण्यासाठी डोंगरावरच्या कास तलावातून पाट काढला गेला. एवढ्या दूरवरून, घाट उतरून पाणी शहरात आणण्याइतकी अक्कल या देशातल्या माणसांना होती. पण नळाच्या तोटीपासून एका मुलाच्या ओठापर्यंतचे वीतभर अंतर त्यांना पार करता आले नाही. ते अंतर पार करायला २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह व्हावा लागला. चवदार तळ्यावर ओंजळ उचलणाऱ्या त्या हाताला साताऱ्याच्या शाळेतली तहान आठवली नसेल, असे आम्हाला वाटत नाही.

येथे काही मंडळी लगेच पुढे येतात आणि म्हणतात, पण त्याच शाळेत चांगले ब्राह्मण शिक्षकही होते! होते, हे आम्ही नाकारत नाही. बाबासाहेबांनीच ते कृतज्ञतेने सांगितले आहे. आंबेडकर नावाच्या मास्तरांनी मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी भिवाला दिली. पेंडसे मास्तरांनी पावसात भिजून आलेल्या भिवाला आपल्या घरी पाठवून ऊन पाण्याने आंघोळ घालवली. या माणुसकीला आमचा प्रणाम आहे. पण प्रश्न असा आहे, की एका मास्तराने भाकरी दिल्याने तरट हटले काय? दुसऱ्या मास्तराने मायेने वागवल्याने नळ खुला झाला काय? नाही झाला. कारण अन्याय एखाद्या माणसाच्या स्वभावात नव्हता, तो व्यवस्थेच्या जोत्यात दगडासारखा बसवलेला होता. चांगली माणसे दयेने वागतात, तेवढ्याने व्यवस्था बदलत नाही. ती बदलायला कायदा लागतो, संघटना लागते, संघर्ष लागतो. म्हणून तर ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांना ठराव आणावा लागला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले राहतील. आणि म्हणून तर घटनेत सतरावे कलम लिहावे लागले. ज्याला शाळेत तरटावर बसवले त्यानेच ते तरट घटनेने कायमचे उचलून टाकले.

याच साताऱ्यात पुढे शाळेची दुसरी कल्पना उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. धनिणीच्या बागेत त्यांनी चालवलेल्या वसतिगृहात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंक्तीला जेवत. सागवानी खांब आणि कोरीव तुळया तिथे नव्हत्या. पण त्या साध्या छपराखाली जे होते ते राजवाड्यात नव्हते. वास्तूची थोरवी तिच्या कळसावरून मोजायची की तिच्या पंगतीवरून, हे साताऱ्याच्या या दोन शाळा शेजारी ठेवून ज्याचे त्याने ठरवावे.

मग आज या जुन्या वास्तूचे काय करायचे? आपल्याकडे याचे एक ठरलेले उत्तर आहे: स्मारक करा. बाबासाहेब लंडनला ज्या घरात राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे स्मारक झाले. आम्हाला त्याचा आनंदच आहे. साताऱ्याची शाळा तर बाबासाहेबांच्या शिक्षणाची पहिली मोठी पायरी. तिचे जतन व्हायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. वास्तू गेली की तिच्याबरोबर पुरावाही जातो, याचा चटका आपण खाल्लेला आहे. २०१६ च्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तेथला बुद्धभूषण छापखाना रातोरात जमीनदोस्त झाला, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. पण पडलेली भिंत मोर्चाने उभी राहत नाही. म्हणून वेळीच जागे राहणे बरे.

मात्र स्मारक म्हणजे काय, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. मुलांना बाहेर काढायचे, शाळेला कुलूप लावायचे, फरशीला संगमरवर, भिंतीला रंग, दारात पुतळा आणि उद्घाटनाला मंत्री, याला जर कोणी स्मारक म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. ज्या वास्तूत एका मुलाला शिकण्यासाठी रोज अपमान गिळावा लागला, तिचे खरे स्मारक एकच असू शकते. तिथे गोरगरिबांच्या मुलांना मानाने, फुकट आणि उत्तम शिक्षण मिळाले पाहिजे. घंटा वाजत नाही ती शाळा नसते. मुलांच्या आवाजाविना ती पुन्हा नुसता राजवाडा होईल, आणि राजवाड्याशी आमचे काही देणेघेणे नाही.

आणि हे आम्ही उगाच म्हणत नाही. सरकारी शाळांवर आज काय संकट आहे ते उघड्या डोळ्यांनी पाहा. २०१७ साली सरकारने विद्यार्थी दिवस जाहीर केला आणि त्याच वर्षी कमी पटसंख्येच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णयही घेतला! एका हाताने हार, दुसऱ्या हाताने कुलूप. २०२३ साली शाळा दत्तक देण्याची योजना आली. देणगी द्या आणि शाळेला आपले नाव जोडा! ज्या शाळेत नाव नोंदवायला आमच्या पिढ्यांनी लढाई केली, त्या शाळेवर आता धनिकाचे नाव लागणार. २०२४ साली तर खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव प्रवेशातूनच बहुसंख्य शाळांना सूट देण्याचा घाट घातला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला म्हणून निभावले. घटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण द्यायला सांगितले होते. ते मूलभूत हक्कात यायला २००२ उजाडले आणि कायदा व्हायला २००९. इतक्या उशिरा मिळालेला हक्क इतक्या लवकर हिरावला जात असेल तर गप्प कसे बसायचे?

सरकारला जाब विचारताना स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. तो कडू आहे, पण विचारतो. ७ नोव्हेंबरला हार घेऊन राजवाड्यावर जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची मुले जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत आहेत? राखीव जागेवर नोकरी मिळाली, दोन खोल्यांचे घर झाले, की पहिली धाव इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेकडे. मुलाचे भले व्हावे असे कोणत्या बापाला वाटत नाही? रामजी सुभेदारांनाही तेच वाटत होते. पण आपण सगळेच सरकारी शाळेतून बाहेर पडलो की मागे राहतो तो वस्तीतला सर्वांत गरीब, ज्याच्या बाजूने बोलायला कोणी शिकलेला माणूस उरत नाही. मग ती शाळा ढासळते, आणि ढासळली म्हणून बंद होते. त्या गरीब मुलाच्या हातात पुन्हा गोणपाटाचा तुकडाच येतो. फक्त आता तो दिसत नाही. शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, हे बाबासाहेबांनी आग्र्याला १९५६ साली भरल्या डोळ्यांनी सांगितले होते. ते आपल्यालाच उद्देशून होते, हे विसरता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. पहिली, या शाळेत सरकारी खर्चाने चालणारे शिक्षण अखंड सुरू राहिले पाहिजे आणि ते जिल्ह्यातील सर्वोत्तम झाले पाहिजे. वाचनालय, प्रयोगशाळा, पुरेसे शिक्षक, मुलींसाठी नीट स्वच्छतागृहे हा स्मारकाचाच भाग मानावा. दुसरी, वास्तूची डागडुजी जुन्या पद्धतीचे काम जाणणाऱ्या कारागिरांकडून व्हावी. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि लाकूड कुजते. दहा वर्षे चकचकीत दिसणारी दुरुस्ती पुढच्या पन्नास वर्षांचे नुकसान करते. तिसरी, १९१४ क्रमांकाची नोंद असलेले रजिस्टर आणि शाळेचे सर्व जुने दप्तर शास्त्रीय पद्धतीने जतन करून त्याच्या प्रती अभ्यासकांना खुल्या कराव्यात. त्या काळात आणखी कोणत्या अस्पृश्य मुलांनी तिथे नाव घातले, कोण टिकले, कोण गळाले, हे कोणीतरी शोधले पाहिजे. एक भिवा पुढे गेला. मागे राहिलेल्या भिवांचा हिशेब कोण देणार?

आणि चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची. त्या वास्तूत एक खोली सत्य सांगण्यासाठी राखावी. तिथे सोन्याचा मुलामा नको. तिथे जमिनीवर कोपऱ्यात एक तरट अंथरलेले असावे आणि एक नळ असावा. तरटाशेजारी लिहिलेले असावे की १९०० साली या शाळेत एका मुलाला एवढीच जागा मिळाली. आणि नळाची तोटी तिथे येणाऱ्या प्रत्येक मुलाने, कोणत्याही जातीच्या, स्वतःच्या हाताने सोडून पाणी प्यावे. यापेक्षा मोठा धडा कोणतेही क्रमिक पुस्तक देऊ शकणार नाही.

या मागण्या सरकारने आपणहून मान्य करण्याची वाट पाहू नये. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत. आपल्या गावच्या, वस्तीच्या समितीत आपण आहोत काय? नसलो तर या वर्षीच शिरा. महिन्यातून एकदा सरकारी शाळेत जा, पट बघा, शिक्षक किती ते विचारा, पाण्याचा नळ सुरू आहे का ते पाहा, मुलांची बसण्याची सोय काय आहे ते डोळ्यांनी बघा. साताऱ्याला जाणे शक्य नसेल तर आपल्या गल्लीतल्या शाळेत जा. प्रत्येक सरकारी शाळेत आजही कोणीतरी भिवा येतो आहे. त्याला बसायला जागा आहे की नाही, हे पाहणे हेच ७ नोव्हेंबरचे खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!